बुद्धाच्या मागे मिसाइल

आम्ही जबलपुरात गोहलपुरला राहायचो तेव्हा घराला खिडकी नव्हती. वेल्डिंगच्या दुकानामागची ती एक खोली होती. दुकानातल्या ठिणग्या दारातून दिसायच्या आणि आई ओरडायची, "तिकडं पाहू नोको, डोळे जातीन." आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा. कोणाशीही बोलत असली तरी तिची बोटं चालूच. ठेकेदाराचा माणूस यायचा, वळलेल्या विड्यांतल्या मूठभर उचलायचा, "ये नहीं चलेगी" म्हणून बाजूला टाकायचा, आणि जाताना त्या बाजूला टाकलेल्याही पिशवीत भरून न्यायचा. आई पुढची विडी वळायला घ्यायची. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडायचं, त्यावरून आम्हाला तिचा राग कळायचा.

बाबा मिळेल तिथे हमाली करायचे. मिळाली नाही तर घरी बसून आईला धागा कापून द्यायचे आणि लाजेनं कोणाशी बोलायचे नाहीत. माझ्या पुस्तकांना तंबाखूचा वास यायचा. शाळेत बाकावर शेजारची मुलगी सरकून बसायची. वास हे एक कारण होतं, आमची जात हे दुसरं. दोन्ही कारणं ती तोंडावर सांगायची, त्यामुळे माझा निदान गोंधळ झाला नाही.

मग बाबा कारखान्यात लागले. रांझीजवळच्या, तोफांचे गोळे बनवणाऱ्या कारखान्यात, गोळ्यांत स्फोटक दारू भरायच्या विभागात मजूर म्हणून. आम्हाला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, खिडक्या, जवळच सार्वजनिक नळ. आईनं सूप माळ्यावर टाकलं ते कायमचं. दारूच्या पावडरीनं बाबांचे तळवे पिवळे पडले, उशीचे अभ्रेही पिवळे पडले, आणि आई ते अभ्रे घासत राहायची. त्या पिवळ्या हातांनी मला शिकवलं. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते, कारण सांगायला मला आवडतं. आज मी राइट टाउनमधल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते आणि स्कूटीनं जाते-येते.

एवढं आधीच लिहून ठेवलं, कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणेलच की हिला काय ठाऊक, ही कोणाचं खाऊन मोठी झाली. ठाऊक आहे मला. आम्ही बॉम्बचं खाऊन मोठे झालो.

कारखान्यातली एक रीत कॉलनीत सगळ्यांना माहीत होती. दारू भरायच्या खोलीबाहेर जमिनीवर एक लाल पट्टा होता. पट्ट्याच्या अलीकडे काडीपेटी, विडी, किल्ल्या, कमरेचा पट्टा, बाहेरचे जोडे सगळं ठेवायचं. हे नियमात लिहिलेलं होतं. न लिहिलेला नियम असा, की भांडणही अलीकडेच ठेवायचं. आत कोणी कोणाला डिवचत नसे. थट्टासुद्धा नाही.

आमच्या समोरच्या क्वार्टरमधला माणूस बाबांच्याच खोलीत काम करायचा. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यानं आईला नळावरून हाकललं. आधी आमचं भरू दे, मग तुमची भांडी लागतील, असं म्हणाला, आणि तुमची म्हणजे कोणाची तेही बोलला. बाबांनी त्याची कॉलर धरली. अख्खी गल्ली जमली. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून काम करून आले. मी विचारलं, "बाबा, त्यानं आत काही म्हटलं?" बाबा म्हणाले, "आत कोणी म्हणत नाही." बाहेर मात्र बाबांनी सोडलं नाही. इस्टेट ऑफिसात तक्रार दिली, युनियनवाल्यांना उभं केलं, आणि नळ सगळ्यांचा झाला. त्या माणसाशी बाबा पुढे कधीच गोड बोलले नाहीत. निवृत्त होईपर्यंत दोघं समोरासमोर काम करत राहिले. निवृत्तीनंतर बाबांनी त्याच कॉलनीला लागून घर बांधलं.

आता गेल्या वर्षीच्या मे महिन्याबद्दल. ते दिवस सगळ्यांना आठवत असतील. आधी एप्रिलमध्ये काश्मीरला फिरायला गेलेल्या माणसांना बायकामुलांसमोर मारलं. मग आपण पाकिस्तानातले अड्डे उडवले, मग तिकडून ड्रोन, इकडून क्षेपणास्त्रं. जबलपुरात भोंगे वाजवून सराव झाला, दिवे घालवले. मलाही राग आला होता. मारणाऱ्यांना आणि त्यांना पाठवणाऱ्यांना शिक्षा व्हावी असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण रात्रीच्या बातम्यांत लोक ज्या मजेनं बोलत होते ते मला सहन होईना. समोरच्याकडे अणुबॉम्ब आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तरी ते म्हणत होते, अजून मारा, बघू काय करतात ते.

मग एके दिवशी दोन्हीकडून गोळीबार थांबल्याची बातमी आली. मी हात जोडले. आणि आमच्या कॉलनीत सुतक पडल्यासारखं झालं.

"थांबवलं काहून?" जो तो हेच विचारत होता. "अजून चार दिवस पाह्यजे होते. नकाशावरून मिटवून टाकलं असतं."

बुद्ध पौर्णिमा दोनच दिवसांवर होती. आमच्या विहारात सकाळी वंदना, दुपारी खीर, संध्याकाळी मिरवणूक आणि मग सभा असते. सभेत मुख्य भाषण समाजातल्या कोणा शिकलेल्यानं करायचं अशी पद्धत. आजवर ते नेहमी पुरुषांनीच केलं होतं. त्या वर्षी समितीनं माझं नाव ठरवलं होतं. आई नवीन पांढरी साडी घेऊन आली होती आणि ती उगाच दोनदा इस्त्री केली होती. सभेत तिला पुढच्या रांगेत बसायचं होतं.

आदल्या दिवशी मी विहारात गेले तर मागच्या अंगणात ट्रॉलीवर ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक झाकलेलं. ताडपत्रीच्या बाजूला माझा धाकटा भाऊ उभा, हाताला रंग. तो गोहलपुरात फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करतो. कारखान्यात त्याला घेतलं नाही, फक्त तिथल्या एका ठेकेदाराकडे काही महिने कामाला होता, मग तेही सुटलं.

"दीदी, देख," तो म्हणाला आणि ताडपत्री ओढली.

मिसाइल होतं. पत्र्याचं. टोक गोल, मागे पंख, वेल्डिंग असं की जोड दिसू नये. अंगावर लाल रंगात 'लाहोर' लिहिलेलं.

"मागं नळीत धूप लावला की धूर निघते," तो म्हणाला. "मूर्तीच्या रथाच्या बरोब्बर मागं राहीन. एकदम झकास."

बुद्धाच्या मागे मिसाइल, आणि मिसाइलच्या बुडाला विहारातलाच धूप! मला हसू आलं आणि लगेच गेलं. तेवढ्यात समितीचे सचिव काका आले. बाबांचे जुने मित्र. लहानपणी त्यांनी मला खांद्यावर बसवून ह्याच मिरवणुकीत फिरवलंय.

"काका, हे बुद्ध पौर्णिमेला निघणार?"

"काहून नाही? अगं, देशानं अठ्ठ्याण्णव साली अणुबॉम्ब फोडून पाह्यला तो कोणत्या दिवशी? बुद्ध पौर्णिमेलेच नं! आम्ही तं नुसता पत्रा काढून राहिलो."

"तो दिवस त्यांनी निवडला काका. बुद्धाला कोणी विचारलं नव्हतं."

"हे पाय," काका म्हणाले, "सगळ्या शहरात जोश आहे. आपला समाज मागं दिसला नाही पाह्यजे. आधीच लोक आपल्याले विचारत राह्यतात, तुम्ही कोणाकडून."

हे त्यांचं खरं होतं. आम्हाला ते विचारतात. म्हणूनच मला जास्त राग आला.

"मी उद्या सभेत ह्याच विषयावर बोलणार आहे," मी म्हणाले. "अणुबॉम्ब असलेल्या शत्रूला डिवचू नये यावर."

काकांनी ताडपत्री परत ओढून घेतली. "तू स्त्रीशिक्षणावर बोल. चांगला विषय आहे."

"त्याच्यावर काय बोलायचं? मी उभी आहे ना तुमच्यासमोर."

"मंग माईक नाही भेटणार," काका म्हणाले. "सॉरी बेटा. कॉलेजात जाऊन तू भित्री होऊन गेली."

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. बाबा समितीवर आहेत. ते खुर्चीत ताठ बसले होते.

"भाषण नाही करायचं तं नोको करू," ते म्हणाले. "पण त्या विहारात माह्या तोंडाले काळं नोको फासू. मी गोळे भरले जिंदगीभर. ते काय पूजेले भरले?"

"ते भरले म्हणून मी शिकले. मी कुठे नाही म्हणते?"

"मंग?"

"मग म्हणूनच मला बोलायचा हक्क आहे."

भाऊ दारातून म्हणाला, "दीदी, पयल्यांदा माह्यं काम पाहाले लोक येऊन राहिले. दुकानात मी ग्रिल बनवतो, गेट बनवतो, कोण पाह्यते? आणि तू त्यालेच नाव ठेवून राहिली."

काम खरंच सुंदर होतं. मी तसं म्हणाले, तर तो आणखी चिडला. आई खिरीचे तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. एवढंच विचारलं, "उद्या खिरीपाशी येशीन नं? वाढाले बाया कमी आहेत."

"येईन."

दुसऱ्या दिवशी वंदना झाली. अंगणात मोठ्या पातेल्यात खीर, आजूबाजूला पांढऱ्या साड्यांतल्या बायका, आणि पानांचे द्रोण घेऊन लोकांची रांग. आईनं माझ्या हातात डाव दिला आणि मला सुचलं. माईक समितीचा. पण खीर बायकांची. आणि खिरीला प्रत्येकाला माझ्यासमोरूनच जायचं होतं.

मी डाव पातेल्यावर आडवा ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "संध्याकाळी मला बोलायचं होतं, ते मी आत्ताच बोलते. वाढता वाढता बोलते. ज्याला ऐकायचं नाही त्यानं कान बंद करावे, द्रोण मात्र पुढे करावा."

काही जण हसले. रांगेत पुढेच सचिव काका होते. "घे, सुरू झाली," ते मागच्याला म्हणाले. पण रांग सोडून गेले नाहीत. आमच्या खिरीत खोबरं चांगलं असतं.

मी वाढत होते आणि बोलत होते. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, कारण आमच्या पोरांना मराठी कळतं पण हिंदीत सांगितलं की आत जातं. म्हणाले, निरपराध माणसांना मारणाऱ्यांना धरा, शिक्षा द्या, जगासमोर उघडं पाडा. सरहद्दीवर चौकी मजबूत करा. त्याला मी कधीच नाही म्हटलं नाही. पण परवा गोळीबार थांबला तर आपण रडलो. आपल्याला अजून पाहिजे होतं. समोरच्याकडे तो बॉम्ब आहे, आपल्याकडेही आहे, आणि आपण त्याला कोपऱ्यात ढकलून विचारतोय, आता काय करशील? तो काय करेल ते त्यालाही त्या क्षणापर्यंत माहीत नसतं.

"ते नाही वापरणार," रांगेतून कोणीतरी म्हणालं. "नुसती धमकी देतात."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हणाले. "टीव्हीवर बोलणाऱ्यानं. तो दिल्लीत नाहीतर मुंबईत बसलाय. तुम्ही कुठे बसलाय? रांझीत. तोफा इथे, गोळे इथे, फौजेच्या गाड्या इथे. तिकडच्या माणसानं नकाशा उघडला तर त्याचं बोट कुठे पडेल? आपण 'मिटवून टाका' म्हणतो तेव्हा आपण आपल्याच घरांबद्दल बोलतोय."

रांग सरकायची थांबली होती. काका म्हणाले, "आणि तू काय म्हणते, आमच्या पत्र्याच्या मिसाइलनं तिकडं युद्ध सुरू होईन?"

"नाही होणार काका. एका ट्रॉलीनं काही होत नाही. पण गावोगाव अशी ट्रॉली निघाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर दिल्लीत जो थांबायचा विचार करत असेल त्याला थांबता येत नाही. तिकडेही तेच चाललंय, त्यांच्याही गल्लीत पोरं पत्रे रंगवत असतील. दोघांच्या मागे लोक टाळ्या वाजवायला उभे, मग पाय मागे घ्यायला जागाच उरत नाही. परवा कोणीतरी पाय मागे घेतला. आपण त्याला भित्रा म्हटलं. पुढच्या वेळी तो घेईल का?"

मग रांगेतून बाबांचा आवाज आला. ते द्रोण हातात धरून मध्येच उभे होते.

"तू आता कारखान्याचं सांगशीन," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लाल पट्ट्याचं. मले माहीत आहे. सांगू नोको. कारखाना येगळा, देश येगळा. तिथं समोरच्याले आम्ही ओळखत होतो. त्याच्या हाताले कंप आहे का, तो काल प्याला का, सगळं माहीत राह्यचं. ह्यांचं काय माहीत आहे आपल्याले?"

खरंच, मी तेच सांगणार होते. त्यांनी माझ्या हातातलंच काढून घेतलं.

"बाबा," मी म्हणाले, "ओळखत होता तरी तुम्ही त्याला आत डिवचत नव्हता. मग ज्याला ओळखत नाही, ज्याच्या हाताला कंप आहे का तेही ठाऊक नाही, त्याला तर अजिबातच डिवचू नये ना?"

बाबांनी द्रोण या हातातून त्या हातात घेतला.

"आणि नळावर तुम्ही गप्प बसला होता का?" मी विचारलं. "कॉलर धरली. तक्रार दिली. नळ घेतलाच ना आपण? भित्रे होता का तुम्ही?"

"मी भित्रा?" बाबा म्हणाले.

"तेच मी म्हणतेय. मीही नाही."

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. बाबांनी द्रोण पुढे केला. मी वाढलं. त्यांनी तिथेच चाखलं आणि आईला म्हणाले, "साखर कमी आहे." बस. त्यांना पटलं की नाही हे मला आजही माहीत नाही.

पण सचिव काका ऐकेनात. "चलो, झालं भाषण," ते म्हणाले. "सभेत माईक नाही, आणि मिसाइल निघणार. समितीचं ठरलेलं आहे."

तेव्हा आई बोलली. विहारात आई कधी बोलत नाही. ती पातेल्यामागे उभी होती, साडीवर खिरीचा डाग पडलेला.

"भाऊजी, मी बुद्धाच्या मागं चालते," ती म्हणाली. "बॉम्बच्या मागं नाही चालत. तो मी घरात लय पाह्यला. उशा धुतल्या त्याच्या."

"वहिनी, तुम्ही नोका चालू मंग," काका हसून म्हणाले.

"मीही नाही चालत," शेजारची म्हणाली, जी खोबरं किसत होती. मग तिच्या बाजूची. मग मागच्या. कोणी मोठ्यानं बोललं नाही, कोणी घोषणा दिली नाही. एकेक जण म्हणत गेली आणि आपापलं काम करत राहिली. ज्यानं आमची मिरवणूक पाहिलीय त्याला ठाऊक आहे, त्यात मेणबत्त्या घेऊन चालतात त्या बायका. पुरुष असतात कडेला, वाहतूक सांभाळायला आणि फोटो काढायला. बायका काढल्या तर रस्त्यावर एक रथ, एक ट्रॉली आणि सचिव काका उरतात.

काकांनी हिशोब केला असावा. ते बराच वेळ द्रोणातली खीर ढवळत राहिले. "बाप्पा, काय बाया आहेत," म्हणाले आणि समितीच्या लोकांना घेऊन आत गेले.

मिसाइल अंगणातच राहिलं. संध्याकाळी मूर्ती निघाली, मागे बायका, मेणबत्त्या. मीही चालले. आई माझ्या बाजूला, डाग पदरात लपवून. माझा भाऊ मिरवणुकीला आला नाही. तो ताडपत्री घालून ट्रॉलीजवळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं ते दुकानात परत नेलं. त्यावरून तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही, आणि बोलायला लागला तेव्हाही त्या विषयावर नाही. त्याचं काम कोणी पाहिलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. पण तसंच पुन्हा झालं तर मी पुन्हा तेच करेन.

सभेत त्या वर्षी मुख्य भाषण झालंच नाही. माईकवर गाणी लावली. कॉलनीत काही दिवस मला 'पाकिस्तानवाली मॅडम' म्हणायचे. भाजीवालासुद्धा एकदा म्हणाला, "मॅडम, लाहोर की भिंडी है, ले लो." मी घेतली. चांगली होती. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी माझ्याबद्दल लिहिलं, तर मी तिथेच उत्तर दिलं, पूर्ण नावानिशी: मी बॉम्ब भरणाऱ्याची मुलगी आहे, मला बॉम्ब म्हणजे काय ते माहीत आहे, तुम्हाला टाळ्या म्हणजे काय ते माहीत आहे.

हिवाळ्यात समितीची निवडणूक झाली. बायका पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं मत द्यायला आल्या आणि आई समितीवर निवडून आली. सचिव काकाही निवडून आले, कारण ते काम मनापासून करतात. नव्या समितीनं ठराव केला, की बुद्ध पौर्णिमेच्या मिरवणुकीत कुठलंही हत्यार निघणार नाही, खरं असो की पत्र्याचं. ठरावावर बाबांची सही आहे.

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला मुख्य भाषण मी केलं. विषय तोच होता, मी तो बदलला नाही. आई पुढच्या रांगेत बसली होती. आमच्या विहारात मुख्य भाषण करणारी मी पहिली बाई.